फरसबी, पिको, दिओर : फ्रेंच नावांच्या मराठी उच्चाराचा इतिहास

१

परभाषेतून आलेल्या शब्दाचा उच्चार कसा करावा, हा प्रश्न मराठीत सहसा शुद्धलेखनाच्या किंवा कोशरचनेच्या सदरात टाकला जातो. समीक्षेने तो आपला मानलेला नाही. उच्चार ही बोलण्यातली बाब, समीक्षेचा विषय मात्र लिखित संहिता, अशी एक अलिखित वाटणी त्यामागे असावी. परंतु एखादे परके नाव कोण कसे उच्चारतो, त्या उच्चाराला कोण हसतो आणि हसण्याच्या भीतीने कोण गप्प राहतो, हे पाहू लागले की भाषेतील प्रतिष्ठेची उतरंड जितकी स्पष्ट दिसते तितकी ती व्याकरणग्रंथात दिसत नाही.

उंची वस्त्रप्रावरणे, चामड्याच्या पिशव्या आणि सुगंधी द्रव्ये यांच्या आजच्या बाजारात फ्रेंच नावांचा अचूक उच्चार हा शिष्टाचाराचा भाग बनला आहे. 'लुई व्हिटॉन' म्हणणाऱ्याला 'लुई व्हितों' म्हणणारा दुरुस्त करतो. 'हर्मिस' म्हणणाऱ्याला 'एर्मेस' शिकवला जातो. 'गिव्हेंची'चे 'जिवाँशी' होते. नाव वस्तूइतकेच मोलाचे असते आणि ते नीट उच्चारता येणे ही वस्तू विकत घेण्याची पूर्वअट असल्यासारखे वातावरण तयार होते. हे वातावरण नवे आहे. फ्रेंच शब्दांशी मराठीचा संबंध नवा नाही. तो अडीचशे वर्षांहून अधिक जुना आहे, आणि त्याचे निरनिराळ्या काळांतले थर पुण्यात मंडईच्या परिसरात एकमेकांशेजारी पडलेले आढळतात. भाजीच्या गाळ्यावर 'फरसबी' आहे. तुळशीबागेकडे वळले की साड्यांच्या कामाच्या पाटीवर 'पिको-फॉल' आहे, कापडाच्या दुकानात 'शिफॉन' आणि 'जॉर्जेट' आहे. उत्तरेला थोड्या अंतरावर शनिवारवाडा आहे, आणि त्याच्या इतिहासात 'गारदी' हा शब्द कायमचा कोरलेला आहे. हे सर्व शब्द या ना त्या वाटेने फ्रेंचशी जोडलेले आहेत आणि यांतील एकही उच्चारताना मराठी माणसाला संकोच वाटत नाही. जो संकोच 'एर्मेस'पाशी जाणवतो तो 'पिको'पाशी का जाणवत नाही, या प्रश्नाचे उत्तर ध्वनिशास्त्राने मिळत नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

२

अठराव्या शतकाच्या मध्यापासून फ्रेंचांची ओळख मराठ्यांना झाली ती रणांगणावर. निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी बुसी १७५१ साली पेशव्यांविरुद्धच्या मोहिमेत पुण्याच्या दिशेने चालून आला. त्याच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान पुढे पेशव्यांच्या चाकरीत आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून मारला गेला. इतिहासात तो इब्राहिमखान गारदी या नावानेच ओळखला जातो. 'गारदी' हा शब्द फ्रेंच 'गार्द' किंवा तिच्या भगिनीभाषांतील सदृश शब्दावरून आला, असे मानले जाते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला. या वाक्यातील 'गारद्यांनी' हे रूप पाहण्यासारखे आहे. शब्दाला केवळ प्रत्यय जोडलेला नाही. त्याचे सामान्यरूप झाले आहे. 'माळी'चे 'माळ्यांनी' व्हावे तसे 'गारदी'चे 'गारद्यांनी' झाले. पाहुण्या शब्दाने घरचे नियम स्वीकारले, याची याहून मोठी खूण व्याकरणात नाही. 'काडतूस' हा त्याच लष्करी शब्दसमूहातला शब्द. पोर्तुगीज 'कार्तुशु' किंवा फ्रेंच 'कार्तूश' यांच्याशी त्याचे नाते आहे. त्याचे अनेकवचन 'काडतुसे' असे होताना उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणजे शब्द इतका मुरला की मराठीचा ऱ्हस्वदीर्घाचा नियमही त्याला लागू झाला.

नावांच्या बाबतीत हेच अधिक ठळकपणे दिसते. फ्रेंच माणसाला आदराने संबोधताना 'मस्य' किंवा 'मस्यो' यांच्या जवळपासचा ध्वनी उच्चारला जातो. लेखनात मात्र त्या शब्दाच्या मध्ये 'न' आणि अखेरीस 'र' आहे. दक्षिणेतल्या कारकुनाने तो शब्द लिहिलेला पाहिला नव्हता, ऐकला होता. म्हणून त्याच्याकडे 'मुसा बुसी' झाले. 'मुसा'मध्ये न नाही आणि र नाही, कारण ते कानावर पडले नव्हते. निजामाचा सेनापती रेमों १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांसमोर उभा होता. हैदराबादेत हिंदूंनी त्याला 'मुसा राम' आणि मुसलमानांनी 'मुसा रहीम' केले, असे सांगितले जाते. 'मुसारामबाग' हे स्थलनाम त्याची आठवण आजही बाळगून आहे. या रूपांत नावाच्या अखेरचा 'द' नाही. फ्रेंच उच्चारातही तो नाही. भक्तिपरंपरेतले नाव परक्या सेनापतीला बहाल करणारे हे कान अडाणी होते, असे म्हणता येणार नाही. त्यांनी ध्वनी नीट ऐकला आणि तो आपल्या नावांच्या साठ्यात ठेवून दिला.

या काळातील लेखन मोडीत होते, ही गोष्टही येथे लक्षात घेतली पाहिजे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसे. लेखनाची एकच मान्य पद्धत असते आणि तीपासून ढळणे हा अपराध असतो, ही कल्पना त्या लेखनव्यवहाराला परकी होती. एकाच माणसाचे नाव निरनिराळ्या पत्रांत निरनिराळे लिहिले गेले तरी कोणाची प्रतिष्ठा जात नव्हती.

याउलट एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतल्या मराठी इतिहासग्रंथांकडे पाहावे. महादजी शिंद्यांचा सेनानी द ब्वान्य तेथे 'डी बॉईन' होतो, त्याच्यानंतरचा पेरों 'पेरॉन' होतो. ही रूपे ऐकून झालेली नाहीत. ती इंग्रजी ग्रंथांतील वर्णरचना इंग्रजी पद्धतीने वाचून झालेली आहेत. शंभर वर्षांत कानाची जागा डोळ्याने घेतली, आणि तो डोळाही इंग्रजी चष्म्यातून पाहणारा होता. मराठीच्या परकीय नावांच्या इतिहासातले हे पहिले महत्त्वाचे वळण होय.

३

मंडईची आजची इमारत या दुसऱ्या कालखंडातली. त्यापूर्वी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. नव्या वास्तूचे उद्घाटन १८८६ मध्ये झाले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हटले गेले. या इमारतीच्या खर्चाला महात्मा फुले यांचा विरोध होता. १८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेचे सदस्य होते, आणि असा पैसा शिक्षणाकडे वळवावा ही त्यांची भूमिका होती. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच वास्तूला फुल्यांचे नाव मिळाले, हा इतिहासाचा न्याय सर्वपरिचित आहे. भाषेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट त्या नावात आहे. लॉर्ड रे यांचे नाव इंग्रजीत चार अक्षरांनी लिहिले जाते. ते वाचून कोणीही 'रिये' किंवा 'री' म्हणू शकेल. प्रत्यक्ष उच्चार एकाक्षरी 'रे' असाच आहे. इंग्रजी वाचकाला हे कोणीतरी सांगावे लागते. मराठीत 'रे मार्केट' असे लिहिताक्षणी प्रश्न मिटतो. देवनागरीत नाव लिहिणे म्हणजे त्याचा उच्चार ठरवणे. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

लोकांनी मात्र 'रे मार्केट' आणि 'महात्मा फुले मंडई' या दोन्ही अधिकृत नावांपेक्षा नुसते 'मंडई' हेच नाव चालवले. तेथे विकल्या जाणाऱ्या मालातही परकीय नावांची रेलचेल आहे. बटाटा, कोबी, पपई, अननस ही नावे पोर्तुगीजांमार्फत आली. 'फरसबी'ची कथा वेगळी आहे. इंग्रजी 'फ्रेंच बीन'चे हे मराठी रूप, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 'फ्रेंच'मधले जोडाक्षर मोकळे होऊन 'फरस' झाले. फ्रेंचांना 'फरासीस' म्हणण्याची जुनी सवय मराठीत होतीच, त्यामुळे कानाला ते परके वाटले नसावे. 'बीन'मधला न गळाला आणि तेथे 'बी' हा घरचाच शब्द येऊन बसला. शेंग आणि बी यांचा संबंध उघड असल्याने नव्या नावाला अर्थही मिळाला. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. परक्या ध्वनीला आपल्या अर्थाचा आधार देण्याची ही प्रवृत्ती 'मुसा राम'मध्ये दिसली होती, ती भाजीबाजारात कायम राहिली. इंग्रजी ग्रंथांतून नावे उतरवणारा विद्वान डोळ्यावर विसंबत असताना भाजी विकणारी बाई कानावर विसंबून होती. एकाच शहरात एकाच काळी उच्चाराच्या दोन रीती नांदत होत्या, आणि त्या वर्गानुसार विभागलेल्या होत्या.

४

कापडाच्या आणि शिवणाच्या शब्दांत या दोन रीती एकमेकींत मिसळल्या. विसाव्या शतकात यंत्रावर तयार झालेली तलम कापडे आणि त्यांची नावे मराठी घरांत आली ती इंग्रजीच्या वाटेने. पण त्यांतली बरीचशी मुळात फ्रेंच होती. 'शिफॉन' म्हणजे फ्रेंचमध्ये चिंधी. 'जॉर्जेट' हे जॉर्जेट द ला प्लांत या फ्रेंच शिवणकार स्त्रीचे नाव. 'क्रेप', 'ब्लाउज', 'बुटीक' हेही तिकडचेच. पातळ सुती साडीचे 'वायल' हे नाव फ्रेंच 'व्वाल'वरून आले, पण मधल्या इंग्रजी 'व्हॉइल'ची छाप घेऊन. 'डेनिम' हे नाव दक्षिण फ्रान्समधील नीम या शहरावरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. सोलापूरच्या चादरींशी ज्याचे नाव जोडले गेले तो 'जेकार्ड' माग १८०४ च्या सुमारास ल्यों शहरातील झाकार या कारागिराने सिद्ध केलेल्या यंत्रणेवर चालतो. विणकराच्या तोंडी 'जेकार्ड' आहे. त्यातला ड फ्रेंचमध्ये उच्चारला जात नाही, म्हणून विणकराचे काही अडत नाही.

या यादीतील नावांच्या अखेरीकडे लक्ष दिल्यास एक नियम दिसतो. फ्रेंचमध्ये जेथे शेवटी अनुनासिक स्वर आहे तेथे मराठीत स्वर आणि पूर्ण न आला आहे. 'शिफों'चे 'शिफॉन' झाले, 'पेरों'चे 'पेरॉन'. 'रेमों' हे नाव विसाव्या शतकात पुन्हा मराठी घरांत आले. १९२५ मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या लोकरी कापडाच्या गिरणीचे नाव 'रेमंड'. निजामाच्या सेनापतीशी त्या गिरणीचा काही संबंध नाही, पण नाव मुळात एकच आहे. एकदा ते कानाने आले तेव्हा त्याचा 'राम' झाला. दुसऱ्यांदा ते इंग्रजीमार्फत आले तेव्हा न-काराला जोडून ड-सुद्धा उच्चारला गेला. लग्नासाठी सुटाचे कापड घेणाऱ्या माणसाला या दोन नावांचे नाते माहीत असण्याचे कारण नाही. पण मराठीने परकीय नावे स्वीकारण्याच्या दोन पद्धतींचा याहून नेमका पुरावा मिळणे कठीण.

या सर्वांत 'पिको' हा शब्द विशेष आहे. साडीच्या किंवा दुपट्ट्याच्या काठाचे दोरे सुटू नयेत म्हणून यंत्रावर घातलेली बारीक शिवण म्हणजे पिको. मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता या पट्ट्यात 'पिको-फॉल करून मिळेल' ही पाटी इतकी सवयीची आहे की तो शब्द परका असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. मुळात तो फ्रेंच शब्द आहे. कापडाच्या कडेवर काढलेल्या बारीक फासांचा किंवा टोकांचा त्यातून बोध होतो. लेखनात त्याच्या अखेरीस 'टी' आहे, आणि तो फ्रेंचमध्ये उच्चारला जात नाही. इंग्रजी शिवणकामातही तो मूकच राहिला. परिणामी फ्रेंचचे एक अक्षरही न शिकलेला पिकोवाला जो उच्चार करतो तो पॅरिसमध्ये चालण्यासारखा असतो. त्याबद्दल त्याला कोणी शाबासकी देत नाही, कारण तो फ्रेंच बोलतो आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. 'क्रोशे' हा असाच दुसरा शब्द. तेथेही अखेरचा 'टी' मूक आहे आणि मराठीने तो घेतलेला नाही. शिवाय मराठीने त्याला एकारान्त नपुंसकलिंगी नामांच्या पंक्तीत बसवले आणि सामान्यरूप देऊन 'क्रोशाची सुई', 'क्रोशाचे विणकाम' अशी रूपे चालवली. विणणाऱ्या बायकांनी केलेले हे देशीकरण कोणत्याही भाषाशुद्धीच्या चळवळीला हात लावण्यासारखे वाटले नाही. राज्यव्यवहाराच्या शब्दांना पर्याय सुचवले गेले. 'पिको'ला पर्याय सुचवल्याचे दिसत नाही. बायकांच्या हातचे काम शुद्धीच्या टप्प्याबाहेर राहिले आणि म्हणूनच त्या शब्दांचा संसार नीट झाला.

यावरून परकीय शब्द मुरण्याच्या तीन पायऱ्या मांडता येतील. मराठी वाक्यात नाव रोमन लिपीतच ठेवले जाते, ही पहिली. ते देवनागरीत येऊन त्याला नुसता प्रत्यय लागतो, ही दुसरी. 'जॉर्जेटची साडी' या पायरीवर आहे. त्याचे सामान्यरूप होते किंवा त्यापासून नवी क्रियापदे, समास आणि लोकव्युत्पत्त्या निर्माण होतात, ही तिसरी. 'गारद्यांनी', 'काडतुसे', 'क्रोशाचे', 'पिको करणे', 'फरसबी' ही सारी तिसऱ्या पायरीवरची आहेत. अचूक उच्चाराचा या चढणीशी संबंध नाही. 'पिको' अचूक आहे आणि 'फरसबी' मुळापासून दूर गेलेली आहे, तरी दोन्ही सारख्याच मराठी आहेत.

५

लिपीचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो. रोमन लिपीत फ्रेंच नाव जसेच्या तसे उतरवता येते. वाचणाऱ्याला त्याचा उच्चार माहीत नसला तरी तो नाव लिहू शकतो, पाटीवर पाहून ओळखू शकतो, पिशवीवर मिरवू शकतो. अज्ञान झाकून ठेवण्याची सोय त्या लिपीत आहे. देवनागरी ही सोय देत नाही. तिच्यात मूक व्यंजनांना जागा नाही. जे म्हणायचे ते लिहावे लागते. पॅरिसच्या प्रसिद्ध वस्त्रगृहाचे नाव मराठी उपसंपादकाला बातमीत घालायचे झाले तर 'डायर', 'डिओर', 'दिओर', 'द्योर' यांतून त्याला एक निवडावेच लागते. त्यांतला 'डायर' लिहिला तर १९१९ च्या जालियनवाला बागेची आठवण यायची. ३० मार्च २०२३ रोजी या वस्त्रगृहाने मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी आपले संकलन सादर केले आणि त्यातील भरतकाम मुंबईच्या 'चाणक्य' या कार्यशाळेत झाले होते, तेव्हा हा प्रश्न मराठी वृत्तपत्रांसमोर प्रत्यक्ष उभा होता. ज्या शहरात ते वस्त्र सजले त्या शहराच्या भाषेत त्याच्या धन्याचे नाव कसे लिहायचे, याची एकवाक्यता नव्हती.

अनुनासिकांच्या बाबतीत तर इतिहासाने मराठीची थट्टाच केली आहे. फ्रेंचचे अनुनासिक स्वर मराठी माणसाला अवघड जातात, असे म्हटले जाते. पण 'नांव', 'कांहीं', 'पांच' असे लेखन मराठीत दीर्घकाळ होते आणि त्यातल्या अनुस्वारांमागे कधीकाळी प्रत्यक्ष अनुनासिक उच्चार होते. प्रमाण बोलीतून ते उच्चार ओसरले, आणि १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातूनही काढून टाकले. कोकणातल्या बोलींत आणि गोव्याच्या कोंकणीत मात्र अनुनासिक स्वर जिवंत आहेत. चित्पावनी बोलीची तर ती ओळखच मानली जाते. 'नाकात बोलणे' या शब्दांत ज्या उच्चाराची शहरात टिंगल झाली, तोच उच्चार असलेली रत्नागिरीकडची वृद्धा 'व्हितों' किंवा 'लाँकोम' विनासायास म्हणू शकेल, आणि प्रमाणभाषेचा अभिमान बाळगणारा पदवीधर 'व्हिटॉन'पाशी अडेल. ध्वनीचे सामर्थ्य आणि ध्वनीची प्रतिष्ठा या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे यावरून उमगते. एकच नासिक्य स्वर कोकणातून आला तर गावंढळ ठरतो आणि पॅरिसहून आला तर उंची.

६

उच्चार आणि दुकान यांचा संबंध अभ्यासाने दाखवून दिला तो विल्यम लबॉव्ह यांनी. १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधील तीन बहुविध वस्तुभांडारांत त्यांनी विक्रेत्यांना असा प्रश्न विचारला की उत्तरात 'चौथा मजला' या अर्थाचे इंग्रजी शब्द यावेत, आणि त्या शब्दांतला र-कार कोण उच्चारतो याची नोंद केली. भांडार जितके महागडे तितका र-कार अधिक, असे आढळले. विक्रेते स्वतः धनिक नव्हते. गिऱ्हाइकाची प्रतिष्ठा त्यांच्या जिभेवर उतरली होती. पिएर बूर्द्यू यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात या व्यवहाराला 'भाषिक बाजारपेठ' ही संज्ञा वापरून व्यापक सिद्धान्ताचे रूप दिले. प्रत्येक उच्चाराला एक भाव असतो आणि तो भाव ठरवण्याचा अधिकार सर्वांना सारखा नसतो, हे त्यांचे प्रतिपादन. मंडईच्या संदर्भात ही संज्ञा केवळ रूपक उरत नाही. भाजीच्या गाळ्यावर शब्दाचा भाव गिऱ्हाईक आणि विक्रेता मिळून ठरवतात. दोघांना कळले की 'फरसबी' खपली. उंची वस्तूंच्या दालनात भाव आधीच ठरून आलेला असतो, तेथे गिऱ्हाइकाने आपला उच्चार त्याच्या मापाचा करून घ्यायचा असतो.

एकाच ब्रँडच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला २००६ मध्ये परवानगी मिळाल्यावर अशा दालनांची वाट मोकळी झाली. 'एर्मेस'चे दालन २०११ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलपाशी उघडले. या नावाचे उदाहरण बोधप्रद आहे. आरंभीचा 'एच' मूक आहे, हे ज्याला कळले तो अर्धा जिंकला. पण फ्रेंचमध्ये शेवटचे व्यंजन उच्चारत नाहीत हा नियम त्याने ऐकलेला असतो, म्हणून तो शेवटचा स-ही गाळतो आणि 'एर्मे' म्हणतो. त्या नावात अखेरचा स उच्चारला जातो. शँपेनच्या 'मोएत' या नावातला त-ही असाच उच्चारला जातो आणि जाणकारीच्या हौसेपायी पुष्कळदा गाळला जातो. भाषाशास्त्र याला अतिशुद्धी म्हणते. मराठीत ती नवी नाही. 'न' आणि 'ण' यांच्या धास्तीने 'पाणी'बरोबर 'मण' आणि 'वण' म्हणणारा माणूस त्याच आजाराने ग्रस्त असतो. अतिशुद्धी ही वरच्या पायरीवर जाऊ पाहणाऱ्याची चूक असते. खाली निश्चिंत असलेला ती करत नाही, वर स्थिरावलेल्याला ती करावी लागत नाही.

ब्रँडनावाला आणखी एक बंधन असते. 'जॉर्जेट' एका स्त्रीचे नाव होते, ते कापडाचे सामान्यनाम झाले. 'डालडा' आणि 'झेरॉक्स' यांचेही मराठीत तेच झाले. व्यापारचिन्हाच्या कायद्याच्या दृष्टीने हा मोठा धोका आहे. नाव सामान्यनाम झाले की त्यावरील मालकी सैल होते. म्हणजे भाषेच्या दृष्टीने जो शब्दाचा संसार, तो व्यापाऱ्याच्या दृष्टीने नावाचा मृत्यू. उंची नावाचे मोल ते मुरत नाही यावरच उभे असते. त्याने पहिल्या पायरीवरच, रोमन लिपीतच, थांबावे अशी व्यवस्था असते. 'उच्चार नीट करा' या आग्रहामागे फ्रेंच भाषेविषयीचा आदर किती आणि मालमत्तेची राखण किती, हे तपासून पाहिले पाहिजे.

हा आग्रह एकतर्फी आहे, हेही विसरता येत नाही. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचे नाव इंग्रजीत 'डंगरी' झाले आणि त्या नावाचा पोशाख आज तुळशीबागेत परत विकत मिळतो. त्याचा उच्चार डोंगरीकरांना विचारून कोणी ठरवला नाही. जून २०२५ मध्ये 'प्राडा' या इटालियन वस्त्रगृहाने मिलानमध्ये कोल्हापुरी चपलांशी उघड साम्य असलेली पादत्राणे सादर केली, तेव्हा ती केवळ चामडी सँडल म्हणून दाखवली गेली. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेला होता. टीका झाल्यावर भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे त्या गृहाने मान्य केले. येथे प्रश्न उच्चार चुकण्याचा नव्हताच. नावच उच्चारले गेले नव्हते. 'प्राडा'तला र-कार नीट म्हणण्याची काळजी एका बाजूला आणि 'कोल्हापुरी' हा शब्द गिळून टाकण्याची मुभा दुसऱ्या बाजूला, असा हा व्यवहार आहे.

७

साहित्यसमीक्षेने या प्रकाराकडे तटस्थपणे पाहावे, अशी तिची स्थिती नाही. मराठी समीक्षाही फ्रेंच नावांची मोठी ग्राहक आहे. 'कामू' की 'काम्यू', 'सोस्यूर' की 'सोसूर', 'देरिदा' की 'डेरिडा', 'फूको' की 'फुको', 'लाकाँ' की 'लॅकन', या पर्यायांतून लेखकाची निवड कळते आणि त्या निवडीवरून त्याने ते विचारवंत कोणत्या वाटेने वाचले असावेत याचा अंदाज बांधला जातो. वस्त्रांच्या फॅशनची चिन्हमीमांसा १९६७ मध्ये ज्यांनी ग्रंथरूपाने केली त्या विचारवंताचे नाव मराठीत 'रोलाँ बार्थ' असे रूढ आहे. त्यातील पहिल्या नावाचा अनुनासिक फ्रेंच कानाने घेतलेला आहे आणि आडनावातला थ इंग्रजी डोळ्याने. एकाच नावात दोन कालखंड नांदतात. परिसंवादात कोणी 'बार्थेस' म्हटले तर सभागृहात जे स्मित उमटते, ते उंची दालनातल्या स्मितापेक्षा फारसे वेगळे नसते. ग्रामीण महाविद्यालयातून आलेला संशोधक 'फूको'चे विवेचन उत्तम करू शकत असेल आणि केवळ नाव कसे म्हणावे या धास्तीने चर्चेत प्रश्न विचारत नसेल, तर ज्ञानाच्या व्यवहारात उच्चार हा जकातनाका बनला आहे, असे म्हणावे लागते. देशीवादाच्या चर्चेत कल्पनांच्या आयातीवर पुष्कळ लिहिले गेले. नावांच्या आयातीसोबत येणाऱ्या या धास्तीचा विचार त्या मानाने राहून गेला.

माणसाचे नाव शक्य तितके त्याच्या माणसांप्रमाणे उच्चारावे, हा साधा सौजन्याचा नियम आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकवणाऱ्याने उच्चाराचा काटेकोर आग्रह धरावा, कारण तेथे भाषा शिकवली जाते. परंतु मराठीत लिहिताना व बोलताना नावाचे रूप ठरवण्याचा अधिकार मराठीचा आहे. तो अधिकार बजावण्याच्या रीती तिच्या इतिहासात आहेत: कानाने ऐकून घेणे, आपल्या ध्वनींत बसवणे, रूप स्थिर होईपर्यंत विकल्प सहन करणे आणि अखेर प्रत्यय लावून कामाला लावणे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने, भाजी विकणाऱ्या बाईने आणि क्रोशाची सुई चालवणाऱ्या हातांनी हे काम कोणाची परवानगी न मागता केले. त्या कामात चुका झाल्या, पण त्या चुकांनी कोणाचे तोंड बंद केले नाही. 'फूकोच्या मते' असे लिहिताना मराठी समीक्षक त्या नावाला षष्ठीचा प्रत्यय लावतो, तेव्हा तो पिकोवाल्याचेच काम करत असतो. फरक इतकाच की पिकोवाल्याच्या तोंडच्या शब्दाला आजवर कोणी हसलेले नाही.